अंगदच्या वहीतलं ‘हो’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मालकाला नाही, माझ्या आईला नाही, देवापुढंसुद्धा नाही — तिथं हात जोडते तेव्हा दुसरंच काहीतरी पुटपुटते. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, मला कंटाळा आलाय. लोक मला चांगलं म्हणतात त्याचा कंटाळा. “दिराचं एवढं करते बाई, पोटच्या लेकरासारखं करते” — हे ऐकलं की माझं डोकंच उठतं. एकदा तरी कुणापुढं तोंड उघडावं म्हणलं. पुढं तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

आधी घर सांगते. आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. मालकाचं मांजरसुंब्याच्या चौकात टायरचं दुकान आहे. सकाळी सातला जातात ते दिवेलागणीला येतात. मी गावातल्या अंगणवाडीची सेविका. मुलगी बारावीला, बीडला मामाकडं राहते. आणि घरात अंगद. माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांचा होता, आता अठ्ठावीसचा आहे. सासूबाई होत्या तोवर त्याच त्याचं सगळं बघायच्या. त्या गेल्या आणि — मला कुणी विचारलं का? नाही. चार माणसांत बसून काही ठरलं का? तेही नाही. तेराव्याचं जेवण उरकलं, पाव्हणे आपापल्या गावाला गेले, आणि अंगद रिकामं ताट घेऊन माझ्यापुढं येऊन उभा राहिला. झालं. पडला गळ्यात.

मालकाला काही म्हणलं की एकच ठरलेलं, “तूच बघ बाई, तुझं ऐकतो त्यो.” ऐकतो! काय ऐकतो, डोंबल? मिक्सर लावला की मनगट चावायचा. शेजारचं लेकरू रडलं की चावायचा. ताटात भाजी वरणाला लागली की चावायचा. नुसतं दात लावणं नव्हे हो — मनगटावर घट्टा पडलाय, बैलाच्या खांद्यावर असतो तसा. नाहीतर मग स्वतःच्या कानफटात मारून घ्यायचा, एक, दोन, तीन, थांबतच नाही. सोडवायला जावं तर माझे केस धरायचा. दांडगा गडी आहे, मी त्याच्या खांद्याला लागते. माझ्या डोक्यावर उजव्या बाजूला अजून विरळ आहे, पदराखाली झाकते.

गावात त्याला येडा म्हणायचे, भोळा म्हणायचे. सव्विसाव्या वर्षी बीडच्या एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं — ऑटिझम. स्वमग्नता. बरं, नाव कळलं, मग? नाव कळून मिक्सर बंद झाला का? मी तोंडावरच विचारलं त्यांना. त्यांना राग नाही आला. एक गोळी दिली, ती थोडी लागू पडली, थोडी नाही. मग गेल्या वर्षी त्या म्हणाल्या, आता एक करून बघू. रोज सकाळी याला वीस-तीस मिनिटं दम लागेल असं चालवा, पळवा. रमतगमत नाही, श्वास जोरात झाला पाहिजे. पण शिक्षा म्हणून नाही आणि दमवून पाडायचंही नाही. काही जणांना याचा फार उपयोग होतो, चावणं-मारणं खाली येतं. तीन महिने बघू. उतरलं तर गोळी कमी करता येईल. नाही उतरलं तर वाढवावी लागेल, आणि वाढवली की त्याचं वजन, सुस्ती, हातांचा कंप, सगळं मागोमाग येऊ शकतं. म्हणून घाई नको. आणि त्यांनी एक दोनशे पानी वही काढून माझ्या हातात दिली. तारीख. किती वेळ चालला. दम लागला का, हो किंवा नाही. दिवसभरात किती वेळा चावलं. किती वेळा मारून घेतलं.

“सगळं या वहीवर ठरणार ताई,” म्हणाल्या.

घ्या. अजून एक वही.

अंगणवाडीत किती रजिस्टरं असतात, माहीत आहे का तुम्हाला? हजेरीचं वेगळं, खाऊचं वेगळं, लसीचं वेगळं, गरोदर बायांचं वेगळं, गृहभेटीचं वेगळं. वर तेच सगळं मोबाईलमध्ये परत भरायचं, आणि रेंज कुठं येते? पाण्याच्या टाकीपाशी. सुपरवायझर मॅडम येणार म्हणलं की आदल्या दिवशी दुपारी फतकल मारून बसायचं आणि राहिलेलं सगळं एका बैठकीत काढायचं. दुसऱ्या सेविकांचं मला माहीत नाही, मी माझं सांगते. मी त्यात तरबेज होते. दोन पेनं घ्यायची, एक निळं, एक काळं. चार ओळी याने, तीन ओळी त्याने, म्हणजे एकाच दिवशी लिहिलंय असं दिसत नाही. अक्षर मधेच थोडं घाईचं काढायचं. आणि सगळीकडं टिकमार्क नाही करायचे — मधूनच एखादी गृहभेट ‘घर बंद’ अशी टाकायची. नुसतं चांगलं चांगलं लिहिलं की कुणाचा विश्वास बसत नाही. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही, इतक्या वर्षांत आपोआप आली.

पण पहिला महिना मी इमानदारीनं केला. हे माझ्या बाजूनं सांगत नाही, पुढचं कळायला सांगते. मालक गेले की साडेसातला आम्ही निघायचो. मुलीचे जुने बूट मी घालायचे, साडीचा काचा मारायचा, पदर कमरेला. गावामागून पवनचक्क्यांची वाट डोंगरावर जाते, मुरमाची, चांगली रुंद. त्या वाटेनं पहिल्या पवनचक्कीपर्यंत चढायचं आणि परत. अंगद पुढं, मी मागं धापा टाकत. वर गेला की खांबाच्या लोखंडी दाराला हात लावायचा, “झालं” म्हणायचा आणि वळायचा. पहिले चार दिवस मला ओढत न्यावं लागलं. पाचव्या दिवशी मीच मागं राहिले.

आणि काय सांगू — उतरलं हो! आधी दिवसाला आठ-नऊ वेळा चावणारा माणूस, तीनवर आला. मग दोनवर. मिक्सर लावला की उठून अंगणात जायचा, हात खिशात घालायचा, बंद झाला की आत यायचा. एका दिवशी तर शून्य. मी दोनदा आठवून बघितलं, खरंच शून्य. ते शून्य वहीत लिहिताना मला रडू आलं होतं. मी अंगणवाडीच्या मदतनीस बाईला बोलावून ते दाखवलं, ती म्हणाली, “आता गं बया, लईच गुणाचं झालं की तुमचं अंगद!” म्हणजे उपयोग होतो की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता महिन्याभरात सुटला होता. नीट लक्षात ठेवा हे. मला माहीत होतं.

मग का बंद केलं?

इथं मी लई वेळा अडखळले आहे. मनातल्या मनात सांगतानासुद्धा. कधी वाटतं, लोक बोलायचे म्हणून. चाळिशीची बाई साडी खोचून अठ्ठावीस वर्षांच्या दिरामागं डोंगर चढते, हे काय चांगलं दिसतं का? पण नाही — हे खोटं आहे. कुणी काही बोललं नाही. पारावरची म्हातारी माणसं उलट, “चालू द्या, चालू द्या” म्हणायची. मग वाटतं, गुडघा दुखत होता. दुखत होता, पण त्याच गुडघ्यानं मी पोलिओच्या डोसला वस्तीवर वस्ती पालथी घालते. मग वाटतं, ऊन वाढलं होतं. सकाळी साडेसातला कसलं आलंय ऊन?

खरं एवढंच आहे. एके दिवशी मला सर्दी झाली होती. गेलो नाही. मालक दुकानाला गेले, मी चहा टाकला आणि ओट्यावर बसून प्यायले. गरम. बसून. कुणी हाक मारली नाही, काही सांडलं नाही, काही उतू गेलं नाही. लग्न झाल्यापासून मी सकाळचा चहा बसून प्यायले नव्हते. दुसऱ्या दिवशी सर्दी नव्हती. मी चहा टाकला.

बास. एवढंच कारण. मला तो अर्धा तास पाहिजे होता.

म्हणाल, मग सांगायचं ना मालकाला, की मला होत नाही, तुम्ही न्या. किंवा गल्लीत पोलीस भरतीसाठी पळणारी चार पोरं आहेत, त्यांच्याबरोबर धाडायचं. एकजण म्हणालाही होता, “काकू, आमच्यासंगं पाठवा की त्याला, आमी रोज जातोच.” मी काय म्हणाले? “नको रे, त्याला माझ्याबिगर जमत न्हाई.” ऐकलंत? म्हणजे मी नेणार नाही, आणि दुसऱ्यानं नेलं तर मी नेत नाही हे कळणार. कळलं तर मग ते पोटच्या लेकरासारखं वगैरे कुठं राहणार!

अंगदला काय, त्याला काही सर्दी-पडसं कळत नाही. साडेसात वाजले की बूट घालून दारात उभा. “डोंगर,” म्हणायचा. मी म्हणायचे, उद्या. उद्या म्हणजे काय, त्याला काय कळणार? तो उभाच. कप संपेपर्यंत उभा. मग मनगट तोंडात. मी ओट्यावर बसून बघायचे — आणि माझं डोकं फिरायचं. त्याच्यावर! म्हणजे बघा कसं आहे, फिरायला न नेणारी मी, आणि चिडायचे त्याच्यावर. “अंग्या, बस की मर्दा खाली! घटकाभर बसू दे की मला!” असं ओरडले आहे मी. त्यानं त्याच पायरीवर बसून कानफटात मारून घेतलं. आठवड्याभरात सगळं होतं तिथं आलं. पंधरवड्यात त्याहून वर गेलं, कारण आता सकाळचं ते नवीन दुखणं मी त्याला दिलं होतं.

मालक घरी आले की विचारायचे, “गेल्तात का आज?”

“गेलतो की,” मी म्हणायचे.

तीन महिने भरत आले. बीडला जायच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणवाडी सुटल्यावर मी वही घेऊन बसले. दोन पेनं घेतली. चावण्याचे आकडे खरे होते — ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज काड्या मारून ठेवत होते. ते का खरे ठेवले असतील, विचारा ना. कारण ते मला डॉक्टरीणबाईंना दाखवायचे होते. बघा, मला किती त्रास आहे. बघा, मी काय काय सोसते. त्या रकान्यात एक आकडा मी इकडचा तिकडं केला नाही. आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात लिहीत गेले — तीस मिनिटं, दम लागला, हो. पंचवीस मिनिटं, हो. तीस मिनिटं, हो. दोन महिन्यांचे ‘हो’ मी एका दुपारी लिहिले. मधे दोन ठिकाणी ‘पाऊस, गेलो नाही’ असं टाकलं. पाऊस पडला नव्हता. एका ठिकाणी ‘थोडंच चालला, कुरकुर केली’ असंही टाकलं. मी सांगितलं ना तुम्हाला, मी तरबेज आहे.

आता या वहीचा अर्थ काय होतो, ते कुणीही सांगेल. पहिला महिना व्यायाम, चावणं उतरलं. पुढचे दोन महिने तोच व्यायाम, तसाच रोज, आणि चावणं पहिल्यापेक्षा जास्त. म्हणजे व्यायामाचा काही उपयोग नाही. हे मला लिहिताना कळलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? बारावी पास आहे मी. कळलं. कळून लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी पान न् पान उलटून बघितलं. मालक माझ्या शेजारी, अंगद पलीकडं, टेबलाच्या कडेवर बोट फिरवत. बाई म्हणाल्या, “ताई, इतकी व्यवस्थित वही माझ्याकडं कुणी आणत नाही.” मालकानं माझ्याकडं बघितलं, कौतुकानं. मग बाई म्हणाल्या, सुरुवातीला बहुतेक नवलाईनं फरक पडला असेल, आता दिसत नाही. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना मनापासून वाटत होतं हे जमावं.

आणि तेव्हा अंगद बोलला. परक्या माणसापुढं तो बोलत नाही, कधीच नाही. त्या दिवशी बोलला, टेबलाकडं बघत, स्पष्ट —

“डोंगर न्हाई. वैनी चहा. डोंगर न्हाई.”

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. “काय म्हणतोय तो?”

अख्ख्या जगात खरं सांगणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्यानं त्याच्याकडं होते नव्हते तेवढे सगळे शब्द काढून सांगितलं होतं. मालकाला ते कळलं नाही, त्यांचं लक्षच नव्हतं. मला कळलं. मी हसले — हो, हसले मी — आणि म्हणाले, “काही न्हाई मॅडम. त्याच्या बोलण्याला काही अर्थ नसतो.”

बाईंनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा वहीकडं. मग गोळी वाढवून लिहिली.

वहीचं खोटं मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं, सवयीचा भाग म्हणून. हे वाक्य नाही करता येत. वीस वर्षांत त्यानं माझ्याविरुद्ध एकदाच तक्रार केली, ती खरी होती, आणि मी ती येड्याची बडबड म्हणून उडवून लावली. गावातली माणसं त्याला येडा म्हणायची तेव्हा मी भांडायला उठायचे बरं का.

गोळीनं काम केलं. का नाही करणार? आता अंगद चावत नाही. मिक्सर लावा, बँड लावा, हलत नाही. नऊला उठतो, जेवतो, पुन्हा आडवा होतो. वजन इतकं वाढलं की जुनी एकही पँट होत नाही. हात थरथरतो, वरणाची वाटी तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धी सांडते. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येते, ती मी पुसते, आणि पुसताना कुणी आलं-गेलं असलं की म्हणतं, धन्य आहे बाई तुझी. घर शांत झालंय. मालक खूश आहेत. मी रोज चहा बसून पिते. “डोंगर” हा शब्द त्यानं परत उच्चारलेला नाही.

दिवाळीनंतर एकदा मी त्याला घेऊन गेले. एकटीच, कुणाला न सांगता. बूट पायात जाईनात, चपलेवर नेलं. पहिल्या वळणापाशी तो खाली बसला. मी म्हणाले, ऊठ, चल, वर हात लावू. तो बसून राहिला, घामाघूम, तोंड उघडं, वरच्या पात्यांकडं बघतसुद्धा नव्हता. मी त्याला ओढलं. हो, त्याच्यावरच चिडले पुन्हा, दंडाला धरून ओढलं, “ऊठ ना रे, आता आणलंय तर ऊठ ना!” तो उठला नाही. अर्ध्या तासानं आम्ही हळूहळू खाली आलो. डॉक्टरीणबाईंना जाऊन खरं सांगायचं, एवढं एकच करण्यासारखं राहिलं होतं. खरं सांगितलं तर गोळी हळूहळू कमी करता येईल, पुन्हा सुरू करता येईल — हे मला कळतं. ते मी अजून केलेलं नाही.

मागच्या महिन्यात तारीख होती म्हणून गेलो. बाहेर बाकावर गर्दी. माझ्या बाजूला एक बाई येऊन बसली, बुरख्यातली, पंचविशी-तिशीची. तिच्या मालकाचं बीडला फळांचं दुकान आहे म्हणाली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, फुलाफुलांचा फ्रॉक, आणि दोन्ही मनगटांना कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. कशाला बांधल्यात ते मला विचारावं लागलं नाही. मुलगी बाकावर उभी राहून उड्या मारत होती, खाली उतरून भिंतीपर्यंत पळत होती, परत येत होती, आणि पळताना तिचे हात मोकळे असायचे, तोंडात नसायचे. आईनं अंगदकडं बघितलं, मग मला हळूच विचारलं, “आपा, डॉक्टर बोलले रोज पळवा हिला. घरचे बोलतेत, लडकीला रस्त्यावर कशाला पळवायचं, उगं तमाशा. तुमी केलतं का ह्यांचं? फरक पडतो का हो?”

मालक शेजारीच बसले होते. तेच आधी म्हणाले, “हिनं तीन महिने रोज पळवलं. लिहून ठेवलंय सगळं.” आणि दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

“न्हाई पडत,” मी म्हणाले. “आमी करून बघितलं.”

मालक होते म्हणून म्हणाले, असं सांगणार होते मी आत्ता. पण ते नसते तरी हेच म्हणाले असते.

तिनं मान हलवली. “मग जाऊ द्या,” म्हणाली. मुलगी भिंतीकडून पळत येत होती, तिला तिनं मधेच हात धरून थांबवलं आणि मांडीवर घट्ट बसवलं. मुलीनं मनगट वर उचललं आणि कापडाच्या पट्टीत दात रोवले. मी उठून पाणी प्यायला गेले.